हरिश्चंद्रगडाला सोलर पॅनल न्यावं का

दोन रात्रींसाठी फोल्डिंगचं सोलर पॅनल घेऊ का असं विचारलंयत, तर माझं मत नको, कारण दिवसभर आपण चालत असतो, पाठीवरच्या पॅनलवर ऊन नीट पडतच नाही आणि पाचनई गावातून गडावर चढणाऱ्या वाटेवर झाडीची सावली आहेच. त्यापेक्षा १०,००० एमएएचची पॉवरबँक घ्या. लिहिलेलं सगळं मिळत नाही हं, आतला सेल ३.७ व्होल्टचा, बाहेर ५ व्होल्ट करताना बरंच वाया जातं, ५,००० एमएएचचा फोन साधारण दीड वेळा भरतो. पुरतं तेवढं.

खरी बॅटरी खातं ते नेटवर्क शोधणं. फोन एरोप्लेन मोडवर टाका, जीपीएस तरीही चालतं, नकाशा आधी डाउनलोड केलेला हवा. डिसेंबरात गडावरच्या कोकणकड्याजवळ झोपलो होतो, रात्री ४० टक्के असलेला फोन पहाटे गारठून बंद! तेव्हापासून फोन आणि पॉवरबँक मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये घेतो.

स्पीकर मात्र कृपा करून घरीच ठेवा, आजूबाजूच्या तंबूंतली माणसं शांततेसाठीच आलेली असतात. हेडटॉर्च मात्र हवाच, जादा सेलसकट.