उपग्रह चित्रात बॉक्साइट वेगळं कसं ओळखू?

सड्यावरची: एमएस्सीचा प्रकल्प रत्नागिरीकडच्या जांभ्यावर आहे. सेंटिनेल-२ उपग्रहाची ऑक्टोबरची चित्रं घेतली, बँड ४ ला (लाल प्रकाशपट्टा) बँड २ ने (निळा) भागलं, तर अख्खा सडाच (कातळाचं पठार) उजळला. यात बॉक्साइट, म्हणजे अॅल्युमिनियमचं धातुक, कुठलं?

दगडधोंडे: तो उजेड लोहाचा गं, आणि जांभ्यात लोह सगळीकडेच. बॉक्साइटमधलं गिब्साइट हे खनिज २.२७ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश शोषतं, केओलिनची माती २.२ जवळ. सेंटिनेलचा बँड १२ एवढा रुंद की दोन्ही त्यातच मिसळतात. टेरा उपग्रहावरच्या अॅस्टर कॅमेऱ्याची चित्रं घे. त्याचे बँड ६ आणि ७ हा फरक दाखवतात. मात्र २००८ च्या आधीचीच चित्रं शोध, नंतर त्याचे लघुतरंग अवरक्त बँड (६ आणि ७ त्यातलेच) बंद पडले. आणि ऑक्टोबरात सड्यावर गवत असतं, मार्च-एप्रिलची बघ.

चंदगडकर: एक कळकळीने सांगतो, उपग्रहाला फक्त वरची कातळी दिसते. चंदगडकडे आम्हाला सापडलेला सगळ्यात ठळक ठिपका जुनी चिरेखाण निघाली! नमुने आणून प्रयोगशाळेत एक्स-रेने खनिजं तपासशील तेव्हाच नकाशावर बॉक्साइट लिही.

सड्यावरची: २००४ च्या मार्चमधलं एक स्वच्छ चित्र मिळालं. रविवारी हातोडी घेऊन निघतेय.