मदत हवी आहे : ६०च्या पुढे ट्रेलर थरथरतो, २५ हजार गेले, फरक शून्य

चाकण_ते_बंदर
मंडळी, जरा लवकर सांगा, गाडी उभी ठेवणं परवडत नाही. २२ चाकी आहे. ६०च्या पुढे काटा गेला की थरथरायला लागते. ड्रायव्हर म्हणतो पाठ गेली, सोमवारपासून दुसरा बघा. व्हील बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट दोनदा झालं, पुढचे शॉकअप नवे टाकले. कृपया 'टायर बघा' सांगू नका, टायर नवे आहेत.

ग्रीसगन
टायर बघा. नवे म्हणजे पुढचे दोन नवे की २२च्या २२? बॅलन्सिंग पुढच्यांचंच केलं असणार. नवा टायरसुद्धा रिमवर सगळीकडून सारखा बसला नाही तर उडतो. जॅकवर उचला, टायरला खडू टेकवून चाक हाताने फिरवा, उंचवटा असेल तिथेच खडू लागेल.

चाकण_ते_बंदर
पुढचे नवे. मागचे रिमोल्ड, म्हणजे जुन्यांवर नवं रबर चढवलेले, पण चांगले आहेत.

ग्रीसगन
वा.

दापोडीकर_काका
मालक, आधी थरथर कुठे लागते ते सांगा. स्टेअरिंगला, सीटखाली, की मागून धक्के? भरलेली असताना की खाली, म्हणजे रिकामी? ट्रेलर सोडून नुसता घोडा, म्हणजे पुढचा इंजिनाचा भाग, पळवून पाहिलात का? सरळ सपाट रस्त्यावर न्यूट्रल केली तर थरथर राहते की जाते? दापोडीला एसटीच्या वर्कशॉपात ३४ वर्षं काढली. हे न विचारता पार्ट बदलणाऱ्याला आमचा फोरमन अख्ख्या शेडला चहा पाजायला लावायचा.

पाटेवाला
खाली असताना थरथरते ना? मग हवेचा खेळ आहे. १२०ची हवा आणि ५५ टनाचे कमानपाटे (स्प्रिंगचे पट्टे), गाडी खाली असेल तर पाटे वाकणार कशाला? दगडासारखी उडणारच. खाली जाताना हवा ९०वर आणा. आमच्या तिन्ही गाड्यांना हेच करतो.

ग्रीसगन
आणि भरल्यावर परत १२० कोण करतं? क्लीनर? कमी हवेवर भरलेली गाडी पळवली की टायर आतून तापतो आणि उर्से टोलच्या पुढे फुटतो. असले सल्ले देऊ नका राव. शिवाय खड्ड्यात आदळणं वेगळं आणि सपाट रस्त्यावर थरथरणं वेगळं. तुम्ही पहिल्याचं औषध दुसऱ्याला देताय.

पाटेवाला
तिन्ही गाड्या पाच वर्षं चालतायत. तुमच्या किती आहेत?

कोथरूडची_मीनल
न्यूट्रलचा सल्ला वाचून काटा आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवले पुलावर एकाच अपघातात ४८ गाड्या ठोकल्या गेल्या, तिथल्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे अजून आहेत. आम्ही रोज तिथून जातो.

दापोडीकर_काका
ताई, सपाट असं लिहिलंय मी. उतारावर न्यूट्रल करणाऱ्याचं लायसन्स मी स्वतः फाडीन.

वॅगनआर_२०१४
माझी गाडी ८०ला ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं, तेच असेल का?

ग्रीसगन
तुमची डिस्क वाकडी झालीय. वेगळा धागा काढा.

चाकण_ते_बंदर
सगळीकडेच थरथरते हो. सीटखाली जास्त. खाली असताना जास्त. न्यूट्रलला थोडी कमी होते, जात नाही. घोडा सोडून फिरवायला वेळ कुठे आहे, रोज न्हावाशेवा. उपाय सांगा, प्रश्न नकोत.

पेठेतला_यंत्री
उपाय प्रश्नातूनच निघतो. २९५/९० आर २० टायरचा घेर साधारण सव्वातीन मीटर. ताशी ६५ म्हणजे सेकंदाला १८ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साडेपाच फेरे घेतं. चाकाचा दोष असला तर डुगडुग येते, जवळजवळ मोजता येते. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारा दांडा; तो डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या) अलीकडे, म्हणून चाकाच्या चार-सहापट फिरतो. त्याचा दोष मोजता येत नाही, नुसती झिणझिण. तुमची डुगडुग की झिणझिण?

चाकण_ते_बंदर
झिणझिण. आज स्वतः बसून गेलो. तळेगावच्या पुढे ६२ला आरशातलं मागचं सगळं पुसल्यासारखं झालं, नंबरप्लेटसुद्धा वाचता येईना. डॅशबोर्डवर ठेवलेली स्टीलची बाटली सलग वाजत होती. ५५ला आणली की गप्प. स्टेअरिंग हलत नाही.

दापोडीकर_काका
हे पहिल्याच दिवशी लिहिलं असतंत तर शॉकअपचे पैसे वाचले असते. शाफ्ट कधी उतरवला होता?

चाकण_ते_बंदर
शाफ्टला हातच लावला नाही. दिवाळीआधी फक्त क्लच प्लेट बदलली. थरथर त्यानंतरचीच आहे, पण क्लच एकदम मस्त चालतोय, त्याचा काय संबंध?

ग्रीसगन
क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स काढावा लागतो, तो शाफ्ट न उतरवता खाली कसा आला? हवेत तरंगत?

दापोडीकर_काका
ग्रीसगन, गप बसा जरा. मालक, नीट ऐका. क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा सांधा, वाकडा राहून फिरतो तेव्हा त्याच्या पुढचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पळतो आणि दोनदा रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ते उलटं करून भरून काढतो, पण दोन्ही टोकांचे कान (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत असतील तरच. जोडताना पोराने स्लिप जॉइंट, म्हणजे शाफ्टचा सरकता दातेरी जोड, एक-दोन दात चुकवून घातला की संपलं. खाली असताना पाटे वर राहतात, शाफ्टचा कोन बदलतो, म्हणून तेव्हा जास्त. शाफ्टवर आणि जॉइंटवर एकेक बाण कोरलेला असतो. चाकांना दगड लावा, खाली जा, चिंधीने ग्रीस पुसा, बाण समोरासमोर आहेत का बघा.

पाटेवाला
एवढं करण्यापेक्षा एकदा हवा कमी करून तर बघा.

चाकण_ते_बंदर
काका, खाली गेलो. ग्रीस आणि चिखलाचा बोटभर थर होता, डिझेलने धुतला. बाण आहेत. समोरासमोर नाहीत, अंगठाभर अंतर आहे. क्लचवाल्याला फोन केला तर म्हणतो 'त्याने काही होत नाही शेठ'. दुसऱ्याकडून खोलून बरोबर लावून घेतला, दोन तास लागले. काल रात्री खाली गाडी ७०पर्यंत नेली, बाटली गप्प. ७०च्या पुढे मात्र सीटखाली अजून बारीक हिसके येतात, ते मोजता येतात.

दापोडीकर_काका
मोजता येतात म्हणजे ते चाकाचे, ग्रीसगनचा खडू घ्या आणि रिमोल्डपासून सुरुवात करा. आणि दिवाळीपासून तसाच फिरलाय, तर सेंटर बेअरिंगचं (शाफ्टला मध्ये धरणाऱ्या बेअरिंगचं) रबर फाटलंय का तेही हात घालून बघा. शाफ्ट वर-खाली हलवला आणि हलला, तर परत झिणझिण आलीच समजा.

चाकण_ते_बंदर
हलतोय.