आठवण पुसली जाते का?

आपले आप्त नरकात असतील तर स्वर्गात माणूस सुखी कसा राहील? यावर एक उत्तर असं: स्वर्गात आप्तांची आठवणच उरत नाही, म्हणून दुःखही नाही. या मुद्द्याला बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातल्या 65:17चा (पूर्वीच्या गोष्टी आठवणार नाहीत) आधार दिलाय. पण त्याआधीचं 16वं वचन वाचा: विसरले जातात ते पूर्वीचे क्लेश. माणसं नव्हेत. लूकच्या शुभवर्तमानातल्या 16व्या अध्यायात मेलेल्या श्रीमंताला आपले पाच भाऊ आठवतात (दृष्टान्त आहे, तेव्हा त्यावर सिद्धान्त उभारताना जपून). बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, न्याय 20व्या अध्यायात होतो, अश्रू पुसले जातात ते त्यानंतर, 21:4मध्ये. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो: म्हणजे न्यायानंतरही पुसायला अश्रू असतात. तेराव्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस याच्या मते संतांना नरकातली शिक्षा दिसते, पण आनंद होतो तो देवाच्या न्यायाचा. मूल गमावलेल्या आईला हे उत्तर पुरत नाही. चौथ्या शतकातला बिशप, न्यिसाचा ग्रेगरी, याने तर शेवटी सर्वांच्याच उद्धाराची आशा धरली होती.