लेगॅटो रीट्रिगरकडेही बघा

सिंथेसायझरवर वाजवलेल्या बासरीत मींड हवी असेल तर पोर्टामेंटो टाइम (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकायला लागणारा वेळ) वाढवा, असा सल्ला कोणी दिला, तो मला अर्धाच पटला. पॅच (म्हणजे निवडलेला आवाज) मोनो, म्हणजे एका वेळी एकच सूर वाजवणारा, आणि लेगॅटो (सूर जोडून वाजवायची सोय) ऑन नसेल, तर टाइम कितीही वाढवा, प्रत्येक सूर नव्याने फुंकल्यासारखाच येतो. लेगॅटोत पहिली कळ न सोडता दुसरी दाबली की सहसा एन्व्हलप (आवाज उमटण्या-विरण्याचा आलेख) तसाच पुढे चालतो, फक्त सूर सरकतो. शिवाय पोर्टामेंटो मोडही लेगॅटोवर ठेवा, म्हणजे सुटे सूर सुटेच राहतात आणि मींड जोडलेल्या सुरांनाच मिळते.

पण राहून जाणारा मुद्दा म्हणजे लेगॅटो रीट्रिगर, म्हणजे जोडून वाजवतानाही प्रत्येक सूर नव्याने सुरू करायचा की नाही ते ठरवणारं सेटिंग. रोलँडच्या एक्सव्ही (XV) मालिकेतल्या सिंथमध्ये तो पॅच एडिटमध्ये वेगळा आहे. तो ऑफ केला की नवा अटॅक (सुराची सुरुवातीची फुंक) येत नाही, पण चालू असलेला सॅम्पलच (ध्वनिमुद्रित आवाजाचा तुकडा) ताणला जातो, आणि सॅम्पल वर ताणायला मर्यादा असते. खालचा सा धरून एकदम तारसप्तकातला प दाबलात तर सूर मध्येच कुठेतरी अडकतो, प लागतच नाही. कानाला फार खुपतं ते, आणि दोष ट्यूनिंगचा वाटतो! अशा वेळी रीट्रिगर ऑन करून अटॅक थोडा मऊ करा. किंवा ऑफच ठेवून मोठी उडी घेताना आधीची कळ सोडा. मला हेच जास्त आवडतं, कारण बासरीवालाही तिथे बहुधा नवी फुंक घेतो. पोर्टामेंटो टाइपमध्ये टाइमपेक्षा (अंतर कितीही असो, वेळ तेवढाच) रेट (जितकं अंतर तितका वेळ) बरा: ग-म चटकन सरकतं, सा-प सावकाश.