मदत हवी आहे: क्लिक वेगाने वाजवले की सूर लागत नाही, नुसती खरखर येते

ठोकताळा
टकटक आवाज सेकंदाला २ पासून वाढवत ४४० पर्यंत न्यायचाय. आधी ठेका, मग त्याचाच सूर. १५ पर्यंत झकास. पुढे सगळा कचरा. दोन दिवस गेलेत. जाणकारांनी लवकर सांगा.

शंकासुर
कशात करताय? क्लिक कुठून आणलाय? 'कचरा' म्हणजे नेमकं काय?

जुनी_टेप
रेकॉर्डिंगमधले क्लिक काढायला डी-क्लिक फिल्टर असतो. त्याची तीव्रता कमीच ठेवा, नाहीतर बोलण्यातले क-ट पण उडतात.

ठोकताळा
@जुनी_टेप, काढायचे नाहीत हो, वाजवायचे आहेत!
@शंकासुर, ब्राउझरमध्ये, जावास्क्रिप्ट. टायमर लावलाय, दर वेळी क्लिकची फाइल वाजते. आणखी काय सांगणार?

वायरमन_७
तुमचा स्पीकर ३० हर्ट्झ (सेकंदाला ३० कंपनं) वाजवूच शकत नाही. सबवूफर घ्या, प्रश्न मिटला.

शंकासुर
वायरमनसाहेब, असहमत. ३० हर्ट्झची साइन, म्हणजे एकाच वारंवारतेची शुद्ध लहर, असती तर मान्य. क्लिकच्या माळेत ६०, ९०, १२० असे वरचे सगळे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतले सूर) असतात. मूळ ३० गायब असला तरी कान त्यांच्यावरून तोच सूर धरतो. फोनच्या टीचभर स्पीकरवरही.

ठोकताळा, फाइल किती लांबीची आहे? हे आधीच सांगायला हवं होतं.

ठोकताळा
४० मिलिसेकंद. त्याचा काय संबंध?

शंकासुर
तिथेच तर घोळ आहे. सेकंदाला २५ क्लिक म्हणजे दोन क्लिकमध्ये बरोबर ४० मिलिसेकंद. त्यापुढे एकाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर. क्लिक एक-दोन मिलिसेकंदांचा करा.

आणि टायमर सोडा. एकातून एक लावलेले टायमर ब्राउझर ४ मिलिसेकंदांच्या खाली येऊ देत नाही, म्हणजे २५० च्या वर तुम्ही जाणारच नाही. शिवाय तो वेळ पाळत नाही. ठेक्यात एक मिलिसेकंद इकडेतिकडे कळत नाही, पण १०० हर्ट्झला तो आवर्तनाचा दहावा हिस्सा झाला. तुमची खरखर ती हीच. सँपल, म्हणजे ज्या आकड्यांनी आवाज बनतो ते (सेकंदाला ४४१००), स्वतः भरा: दर सँपलला फेजमध्ये (आवर्तन किती झालं ते सांगणारा ० ते १ चा आकडा) वारंवारता भागिले ४४१०० मिळवा, फेज १ ओलांडला की १ वजा करा आणि क्लिक टाका.

निवांत_प्राणी
एवढा खटाटोप कशाला? सायकल उलटी करा, स्पोकांना खेळण्यातला पत्ता लावा. ३६ स्पोक, सेकंदाला एक फेरा, झाले ३६ हर्ट्झ. फ्रान्सच्या सावार्त या भौतिकशास्त्रज्ञाने १८३० च्या सुमारास दातेरी चाकावर हेच केलं होतं.

वायरमन_७
मोटरसायकलही तेच करते. एक सिलिंडर, फोर स्ट्रोक, १२०० आरपीएमला सेकंदाला १० ठोके. ६००० ला ५०, तेव्हा घरघरीचा सूर होतो. बाकी सबवूफरवर मी ठाम आहे.

जुनी_टेप
पण २० हर्ट्झला सूर सुरू होतो ना? मग १५ नंतरच का बिघडतं?

शंकासुर
२० ही काही भिंत नव्हे. तिथे टकटक सुटी ऐकू येणं कमी होत जातं आणि मध्ये बराच वेळ नुसती गुरगुर असते. स्वच्छ सूर आणखी वर लागतो.

ठोकताळा
टायमर काढला, खरखर गेली!! पण मधला भाग ऐकूच येत नाही, एकदम सूर. २० सेकंदांत सरळ रेषेत वाढवतोय.

शंकासुर
हेही आत्ता सांगताय. सरळ रेषेत सेकंदाला सुमारे २२ हर्ट्झ वाढतात, म्हणजे २ ते २० चा सगळा पट्टा सेकंदाच्या आत संपला. कान गुणोत्तराने ऐकतो. दर सँपलला वारंवारतेला एका ठरावीक आकड्याने गुणा. मग त्याच पट्ट्याला साडेआठ सेकंद मिळतील.

ठोकताळा
आहाहा! जमलं. आता २००० पर्यंत नेलं तर वर पायऱ्या ऐकू येतात.

शंकासुर
अंतर पूर्ण सँपलमध्ये मोजताय ना? २२ सँपलला २००४, २१ ला थेट २१००. मध्ये काही नाहीच. फेज १ ओलांडल्यावर शून्य करू नका, उरलेला अपूर्णांक पुढे न्या. तरीही थोडी किरकिर राहील, कारण क्लिक अजून पूर्ण सँपलवरच पडतोय. ती घालवायला बँडलिमिटेड क्लिक लागेल.

ठोकताळा
शून्यच करत होतो :( बँडलिमिटेड म्हणजे?

जुनी_टेप
किरकिर काढायची असेल तर मी म्हटलं होतं तो फिल्टर बघा.