मदत हवी आहे: राष्ट्रीय स्मारकांची सुरक्षा की मोकळेपणा?

नमस्कार मंडळी,
आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी हा विषय घेतलाय आणि आता पार अडकलेय.

वॉशिंग्टन मॉन्युमेंटचं (अमेरिकेच्या राजधानीतला उंच दगडी स्मारकस्तंभ) उदाहरण मला फार आवडलं. आधी तिथे काँक्रीटचे ओबडधोबड अडथळे टाकलेले होते. 2005 पर्यंत त्यांच्या जागी हिरवळीत मिसळून जाणाऱ्या, वळणदार, बुटक्या ग्रॅनाइटच्या भिंती आल्या. गाडी अडते, माणूस मात्र त्यावर निवांत बसतो! याउलट आयफेल टॉवरभोवती 2018 मध्ये बुलेटप्रूफ काचेची सुमारे 3 मीटर उंच भिंत उभी राहिली. आरपार दिसतं खरं, पण खालून सहज चालत जाणं संपलं. काच पारदर्शक असली तरी भिंत ती भिंतच, असं आपलं माझं मत.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर 2010 मध्ये समोरच्या पायऱ्यांवरचा मुख्य दरवाजा लोकांच्या प्रवेशासाठी बंद केला. आत जायचं बाजूने, बाहेर पडताना मात्र मुख्य दारातून चालतं. तिथलेच तेव्हाचे न्यायमूर्ती ब्रायर यांनी यावर लेखी नाराजी नोंदवली होती.

माझा प्रश्न असा, की मोकळेपणा मोजायचा कशाने? किती दारं उघडी, रांगेत किती वेळ, की लोक तिथे नुसते रेंगाळू शकतात का? माझे प्रबंधाचे गाइड म्हणतात, 'निकष आकड्यांत दे.' कुणी असं सर्वेक्षण केलंय का? आणि एकदा लावलेला बंदोबस्त नंतर खरंच सैल झाल्याची उदाहरणं हवीत. स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचा 2001 च्या हल्ल्यानंतर बंद झालेला मुकुट लोकांसाठी थेट 2009 ला उघडला, एवढं एकच हाती लागलंय.