उतारा वाचता येतो, पण कळत नाही: आठवीच्या इंग्रजीसाठी काय करावे?

प्रश्न
नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. मुले उतारा न अडखळता वाचतात, प्रश्नांची उत्तरेही लिहितात. परंतु प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य जसेच्या तसे उतरवायचे, एवढेच त्यामागे असते. 'व्हाय वॉज रवी रिलक्टंट टू लीव्ह?' याचे उत्तर बिनचूक लिहिणाऱ्या मुलाला 'रवीला जायचे होते का?' असे मराठीत विचारले, की तो गप्प होतो. शब्दार्थ पाठ करून घेऊनही फरक पडलेला नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
मॅडम, आपण मराठीत विचारलेला तो प्रश्न हीच आकलनाची खरी परीक्षा आहे. उताऱ्यातला नेमका शब्द प्रश्नात येऊच देऊ नका. 'डिड रवी वॉन्ट टू गो? हाउ डू यू नो?' असे विचारले, की नक्कल करण्याजोगे काही उरत नाही. सुरुवातीला उत्तर मराठीतून चालेल, मात्र ज्या ओळीवरून ते सुचले तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारायला लावा.

उत्तर २
उतारा मुलांना झेपणारा आहे का, हेही पाहावे. हू आणि नेशन या संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार, गोष्ट कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायची असेल तर तिच्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच नवा. पाठ्यपुस्तकातले धडे आपल्या मुलांसाठी क्वचितच इतके सोपे असतात, त्यामुळे ते शिक्षकासोबतच वाचावेत आणि स्वतंत्र वाचनाला वेगळे, सोपे साहित्य द्यावे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी व इंग्रजी गोष्टी पातळीनुसार विनामूल्य मिळतात. आठवीच्या मुलाने दुसऱ्या पातळीचे पुस्तक वाचण्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही. फक्त विषय बालिश नसावा.

उत्तर ३
मराठी उत्तरांना मुदत घालावी, नाहीतर तीच सवय होते. शब्दांबाबत सांगायचे तर, वहीत 'रिलक्टंट म्हणजे नाखूश' एवढेच लिहून घेणे अपुरे आहे. पुढचा 'टू' धरून पूर्ण शब्दसमूह लिहून घ्यावा आणि प्रत्येकाने 'आय ॲम रिलक्टंट टू...' हे वाक्य स्वतःविषयी पूर्ण करावे. एका धड्यातून असे पाचच शब्द निवडा, पण ते पुढच्या आठवड्यात आणि महिन्याभराने वेगळ्या वाक्यांत पुन्हा समोर आणा.